पहिली पसंती लिहिण्याआधी

(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या ऑगस्ट मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं कापून.)

नमस्कार मंडळी. माझ्याआधीच्या दोघांनी कॉलेज प्रवेशाचे निबंध आणि परीक्षांबद्दल सांगितलं. मी पैशांबद्दल बोलणार आहे. ज्यांना बटाटेवडे गरम हवेत त्यांनी आत्ताच उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

पुण्या-मुंबईत तुमचे भाचे-पुतणे अलीकडे अकरावीला गेले असतील तर हा प्रकार ठाऊक असेल. ऑनलाइन फॉर्ममध्ये दहा कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची. पहिल्या पसंतीचं लागलं की तिथेच प्रवेश घ्यायचा, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणून शहाणी आई पहिलं नाव लिहिण्याआधी घरापासून लोकलला किती वेळ लागतो ते बघते. इथल्या कॉलेज प्रवेशातलं अर्ली डिसिजन त्याच जातीचं. फक्त नाव एकच, आणि त्याखाली सह्या तीन: मुलाची, पालकांची, शाळेच्या काउन्सेलरची. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज, डिसेंबरच्या मध्यात निकाल. लागलं की बाकी सगळे अर्ज मागे. अर्ली अॅक्शन वेगळं, त्यात निकाल लवकर कळतो पण बंधन नसतं. दोन्हींची गल्लत आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर वर्षी होते.

पण अकरावीची फी सही करण्याआधी माहीत असते. इथे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांची बिलं कितीतरी हजार डॉलरांनी वेगळी असतात, आणि तुमचं बिल किती ते निकालासोबतच कळतं. कॉलेजने देऊ केलेली आर्थिक मदत खरोखरच अपुरी असेल तर करारातून सोडतात, हे खरं आहे. पण दोन कॉलेजांची मदतीची पत्रं शेजारी ठेवून घासाघीस करायची संधी तुम्ही सही करतानाच सोडलेली असते.

आमच्या घरचंच सांगते. मोठ्याच्या वेळी मी कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरला, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला किती पडेल त्याचा अंदाज. २०११ पासून कायद्यानेच तो ठेवावा लागतो. आकडा परवडणारा आला, आम्ही आनंदाने सह्या केल्या. कोथरूडचा वन-बीएचके मी त्यात धरलाच नव्हता. त्यात सासूबाई राहतात, ती काय ‘इन्व्हेस्टमेंट’ आहे? सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदत ठरवायला कॉलेजं भरून घेतात तो फॉर्म, त्याच्या लेखी आहे. गावची जमीन, पुण्याचा फ्लॅट, भावासोबतचं दुकान, सगळं मालमत्ता, म्हणून मदत कमी बसते. आणि आईवडिलांना दर महिन्याला पाठवतो ते पैसे आपसूक वजा होत नाहीत, त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागतं. मी लिहिलं. मदतीची रक्कम थोडी वाढली, मुलगा तिथेच गेला, खूश आहे. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही, तेव्हा कृपया पुण्याला फोनवर विषय काढू नका.

आणखी एक. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ नामवंत कॉलेजं हुशारीसाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त गरज बघून देतात. ‘आमची इतकी हुशार, काहीतरी सूट देतीलच’ असं म्हणत दोन आयटी पगारांवर तिथे बांधून घेणाऱ्यांनी पूर्ण फी मनात धरूनच सही करावी. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं तेही तपासून बघा. त्या आकड्यात आधीच निवडलेले खेळाडू असतात.

आता ज्यासाठी मी खरं तर माइक मागून घेतला ते. क्वेस्टब्रिज, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना कॉलेजांशी जोडून देणारी संस्था, तिची नॅशनल कॉलेज मॅच. चौघांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न साधारण ६५,००० डॉलरच्या आत असेल, तर बारावीतल्या हुशार मुलांसाठी ही वाट आहे. सप्टेंबरअखेर अर्ज, ऑक्टोबरात फायनलिस्ट, १ डिसेंबरला निकाल. पन्नासहून जास्त कॉलेजांपैकी १५ पर्यंत क्रमाने लावायची. तुम्हाला घ्यायला तयार असलेल्यांतलं तुमच्या यादीत सर्वांत वरचं कॉलेज मिळतं, आणि चार वर्षांची फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास, सगळं त्यात. पालकांचा वाटा शून्य, कर्ज नाही. एमआयटी, येल अशी काही सोडली तर हेही बंधनकारकच. पण इथे बांधून घेताना बिल आधी माहीत असतं. मला दोन्हींतला एवढाच फरक महत्त्वाचा वाटतो.

दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. मॅचसाठी यादी दिली की त्याच वेळी दुसरीकडे अर्ली डिसिजन नाही. राज्याच्या विद्यापीठांचे अर्ज मात्र चालतात, ते भरून ठेवाच. कारण निम्म्याहून जास्त फायनलिस्टांना मॅच मिळत नाही. आपल्यातल्याच एका मुलीला नाही मिळाली. १ डिसेंबरला ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. तोच अर्ज नेहमीच्या फेरीत गेला, आणि मार्चमध्ये यादीतल्याच एका कॉलेजने जवळजवळ सगळा खर्च उचलला.

तिच्या आईने मला याबद्दल विचारलं ते पार्किंगमध्ये, गाडीची काच अर्धी खाली करून. आपल्या मंडळात सगळेच इंजिनियर आणि डॉक्टर आहेत असं आपण धरून चालतो. ज्यांची नोकरी गेली आहे, जे दुकानात उभं राहून काम करतात, ज्यांच्या घरी एकटीच कमावते, ते अशा सत्रात हात वर करत नाहीत. पसंतीच्या यादीत येल लिहायला आपली मुलं लाजत नाहीत. उत्पन्नाच्या रकान्यात खरा आकडा लिहायला आपण लाजतो.

एच-फोरवरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांचं थोडं वेगळं आहे. बहुतेक कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात, सरकारी मदत मिळत नाही, आणि मदत मागितली की अनेक ठिकाणी त्याचा प्रवेशावरही परिणाम होतो. इथल्या हायस्कूलमध्ये शिकत असतील तर क्वेस्टब्रिजला अर्ज करता येतो, पण यादीतलं प्रत्येक कॉलेज अशा मुलांना काय देतं ते एकेक करून बघा.

पुढचे चारही शनिवार दुपारी दोन ते पाच मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसणार आहे. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न आणा, भारतातल्या घराची अंदाजे किंमत आणा, आणि मुलांना सोबत आणा, सही त्यांचीही असते. त्याच खोलीत गणपतीच्या आरतीची तालीमही आहे, त्यामुळे कोण कशासाठी आलंय हे कोणाला कळायचं नाही. चहा मी आणते.