रद्दीतून सापडलेल्या वाटा

नमस्कार मंडळी.

आपल्या या व्हर्जिनियातल्याच एका माणसाबद्दल आज बोलणार आहे. मॅथ्यू फॉन्टेन मॉरी. जन्म १८०६चा, स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीतला. एकोणिसाव्या वर्षी आरमारात गेला, जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. १८३९ मध्ये ओहायोत घोडागाडीला अपघात झाला, पाय कायमचा अधू झाला आणि दर्यावरची नोकरी संपली.

१८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला आरमाराच्या नकाशांचं आणि उपकरणांचं कोठार सांभाळायला दिलं. तिथे जुन्या जहाजांच्या नोंदवह्या धूळ खात पडल्या होत्या. लोकांच्या लेखी रद्दीच. मॉरी त्या वाचायला बसला. तारीख, ठिकाण, वारा कुठून, किती जोराचा, प्रवाह कुठे ओढतोय. एका वहीत एकाच सफरीचा अनुभव असतो, पण शेकडो वह्यांतल्या नोंदी एका नकाशावर मांडल्या, तेव्हा कुठल्या महिन्यात कुठे वारा मिळेल हे दिसू लागलं.

ब्राझीलकडे जाणारे कप्तान साओ रोकेच्या भूशिराला घाबरायचे. प्रवाह किनाऱ्यावर ढकलेल म्हणून ते पार आफ्रिकेच्या बाजूला वळसा घालायचे आणि विषुववृत्तापाशी वारा पडला की दिवसेंदिवस अडकायचे. मॉरी म्हणाला, सरळ जा. १८४८ मध्ये बाल्टिमोरचं एक जहाज त्याचं ऐकून ३८ दिवसांत रिओला पोचलं. एरवी पंचावन्न लागत.

मग त्यानं कप्तानांना नकाशे फुकट दिले. अट एकच, आपल्या सफरीच्या नोंदी भरून पाठवायच्या. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला परिषद भरली आणि निरनिराळ्या देशांची जहाजं एकाच पद्धतीनं नोंदी ठेवू लागली.

पुढचं सांगताना मला खरंच वाईट वाटतं. गुलामांना मालकांसकट अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात वसवावं, असं हाच माणूस मांडत होता. १८६१ मध्ये व्हर्जिनिया अमेरिकेतून फुटून निघाल्यावर त्यानं राजीनामा दिला आणि गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांसाठी पाण्यातले सुरुंग बनवले. इतकं बारकाईनं बघणाऱ्या माणसाला शेजारच्या शेतात राबणारा माणूस दिसला नाही.

१८७३ मध्ये लेक्सिंग्टनला तो वारला. रिचमंडमधला त्याचा पुतळा जुलै २०२० मध्ये उतरवला, आणि ते योग्यच झालं. त्याच्या संशोधनाच्या पायावर हे नकाशे उभे आहेत, ही ओळ मात्र अमेरिकी पायलट चार्टवर, म्हणजे खलाशांसाठीच्या वारे-प्रवाहांच्या नकाशांवर, त्याच्यामागेही कितीतरी वर्षं छापली जात होती.