टेबलापासून खाटेपर्यंत

[दृश्य: थेम्स नदीचा दक्षिण काठ. पलीकडे ब्रिटनची संसद. काठालगतच्या भिंतीवर लाल बदाम.]

लंडन. नदीच्या त्या काठावर ब्रिटनची संसद, आणि तिच्या अगदी समोर, या काठावर ही भिंत. जवळपास अर्धा किलोमीटर लांब. तिच्यावर हातानं रंगवलेले लाल बदाम आहेत, २ लाख ४० हजारांच्या आसपास. एक बदाम म्हणजे कोविडनं गेलेलं एक माणूस. २९ मार्च २०२१ ला घरचं माणूस गमावलेले लोक रंगाची पेनं घेऊन इथं आले आणि काम सुरू झालं. काही बदामांत नाव आहे, काहींत तारीख, काहींत नुसतं 'आई'.

भिंतीच्या मागे उभी आहे ती इमारत म्हणजे सेंट थॉमस रुग्णालय. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते.

संसद, रुग्णालय आणि भिंत. मध्ये फक्त एक नदी. निर्णय घेणारी जागा, त्या निर्णयाचे परिणाम सोसणारी जागा आणि नंतर उरलेली जागा, तिन्ही एका नजरेत मावतात. महामारीवर टीव्ही मालिका लिहायला बसलेल्या प्रत्येकापुढे खरं काम हेच होतं: हे तिन्ही पडद्यावर एकत्र आणायचं. कारण त्या काळात आपल्याला रोज दिसत होती ती फक्त पहिली जागा. संध्याकाळची पत्रकार परिषद. तीन व्यासपीठं, तीन माणसं, मागे झेंडे आणि एक आलेख.

[दृश्य: डाउनिंग स्ट्रीट, म्हणजे पंतप्रधानांचं निवासस्थान आणि कार्यालय. काळा दरवाजा.]

जून २०२० मध्ये, पहिली लाट पुरती ओसरलीही नव्हती तेव्हा, एका मालिकेची घोषणा झाली. दिग्दर्शक मायकल विंटरबॉटम. पंतप्रधान जॉन्सन यांच्या भूमिकेत केनेथ ब्राना. आयुष्यभर शेक्सपियर जगलेला नट. मालिकेचं नाव ठरलं 'दिस इंग्लंड'. सहा भाग. विंटरबॉटम यांची तब्येत बिघडली म्हणून काही भाग ज्युलियन जॅरल्ड यांनी दिग्दर्शित केले. २१ सप्टेंबर २०२२ ला मालिका सुरू व्हायची होती, पण ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांचं निधन झालं आणि तारीख आठवडाभर पुढे गेली. अखेर २८ सप्टेंबरला ती स्काय अटलांटिक वाहिनीवर आली. तोवर खुद्द जॉन्सन पंतप्रधानपदावरून जाऊन तीन आठवडे झाले होते.

मालिका येण्याआधी चर्चा झाली ती ब्राना यांच्या रंगभूषेची. तो विस्कटलेला पिवळा केसांचा टोप, ते फुगवलेले गाल, ती पुढे झुकलेली चाल. ओळख पटते यात वाद नाही. पण खरं सांगायचं तर पहिल्या भागाच्या मध्यापर्यंत तो टोप डोळ्यांना सवयीचा होतो, आणि मग नजर जाते ती तारखांकडे. या मालिकेचा खरा नायक कॅलेंडर आहे, असं मला पाहताना सतत वाटत राहिलं.

[दृश्य: कॅलेंडरची पानं. जानेवारी २०२०.]

२४ जानेवारी २०२०. कोरोनाबद्दल 'कोब्रा'ची पहिली बैठक. कोब्रा म्हणजे आणीबाणीच्या वेळी मंत्री आणि अधिकारी ज्या खोलीत जमतात त्या खोलीवरून पडलेलं नाव. बैठकीचे अध्यक्ष आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक. पंतप्रधान नाहीत.

३० जानेवारी. जागतिक आरोग्य संघटना जागतिक आणीबाणी जाहीर करते. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमध्ये पहिले दोन रुग्ण सापडतात. त्याच रात्री ११ वाजता ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडतो. देश कुठं बघत होता, हे वेगळं सांगायची गरज नाही.

फेब्रुवारी. या महिन्यात कोब्राच्या बैठका होत राहिल्या. सुरुवातीच्या पाच बैठकांना जॉन्सन नव्हते. ते पहिल्यांदा अध्यक्षस्थानी बसले २ मार्चला.

३ मार्च. पत्रकार परिषदेत ते सांगतात, परवा एका रुग्णालयात गेलो होतो, तिथं कोरोनाचे काही रुग्ण असावेत, आणि मी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांनी त्याच दिवशी लिहून दिलं होतं की लोकांना हात मिळवू नका असं सांगा.

१० ते १३ मार्च, चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यती. चार दिवसांत अडीच लाखांच्या आसपास प्रेक्षक. ११ मार्चला लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानात फुटबॉलचा सामना, समोर माद्रिदचा संघ. माद्रिदमध्ये तेव्हा शाळा बंद झाल्या होत्या, स्पेनमधले सामने रिकाम्या मैदानात ठेवायचं ठरलं होतं, पण तिथून सुमारे ३,००० चाहते लिव्हरपूलला आले. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं 'महामारी' हा शब्द वापरला.

आणि मग १३ मार्चची संध्याकाळ.

[दृश्य: पांढरी फळी. तिच्यावर हातानं काढलेले बाण, चौकटी, आलेख.]

इथं जरा थांबू. पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी पुढे एका पांढऱ्या फळीचा फोटो जाहीर केला. त्यांच्या म्हणण्यानुसार ती फळी त्या संध्याकाळची. घाईघाईत केलेलं लिखाण. रुग्णालयांवर येणारा ताण, पर्याय, प्रश्नचिन्हं. आणि तळाशी एक ओळ: आपण कोणाला वाचवायचं नाही?

या ओळीवर मी बराच वेळ अडकून पडलो. प्रश्न 'कोणाला वाचवायचं' असा नाही. सगळ्यांना वाचवता येणार नाही हे त्या खोलीत गृहीत धरलेलं आहे, आणि ते लिहिलंय साध्या मार्करनं, अशा फळीवर जी दुसऱ्या दिवशी पुसली जाणार होती. हा फोटो जगापुढे आला मे २०२१ मध्ये. मालिकेचं चित्रीकरण त्याआधीच, २०२१ च्या सुरुवातीला सुरू झालं होतं. लोकांना भेटण्यावर बंदी असताना डाउनिंग स्ट्रीटमध्ये झालेल्या पार्ट्यांची पहिली बातमी तर नोव्हेंबर २०२१ ची. घटना ताजी असताना नाटक लिहायला घेतलं की हा धोका असतोच. संहिता लिहून होते, कॅमेरा फिरू लागतो आणि सर्वांत बोलकी कागदपत्रं कुणाच्या तरी कपाटात पडलेली असतात.

तरीही 'दिस इंग्लंड'नं एक गोष्ट नेकीनं केली. तिचा कॅमेरा फक्त डाउनिंग स्ट्रीटमध्ये बसून राहत नाही. तिथली बैठक संपते न संपते तोच आपण एखाद्या वॉर्डात असतो, आणि तिथून एखाद्या केअर होममध्ये, म्हणजे जिथं स्वतःचं स्वतः करू न शकणारे वृद्ध राहतात तिथं. पत्रकार परिषदेनं आपल्यापासून लांब ठेवलेलं सगळं कात्रीच्या एका फटक्यात समोर येतं. टेबलावर 'खाटा मोकळ्या करा' असं वाक्य उच्चारलं जातं, आणि पुढच्या दृश्यात खाट खरंच मोकळी होते.

ही खाट कशी मोकळी झाली, ते नीट सांगायला हवं.

[दृश्य: रुग्णवाहिकेतून उतरवली जाणारी चाकांची खुर्ची. पाठमोरी.]

१७ मार्च २०२० ला इंग्लंडच्या आरोग्य सेवेनं रुग्णालयांना पत्र पाठवलं: ज्यांना घरी सोडणं वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे, त्यांना तातडीनं सोडा. इटलीतली चित्रं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती, खाटा कमी पडणार हे दिसत होतं. पत्रामागची भीती खोटी नव्हती. पण सोडलेल्यांतले पुष्कळ वृद्ध केअर होममध्ये गेले. १७ मार्च ते १५ एप्रिल या दिवसांत सुमारे २५,००० जण. तिथं पाठवण्याआधी प्रत्येकाची चाचणी झालीच पाहिजे, हा नियम आला तो १५ एप्रिलला.

मे महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की केअर होमभोवती आम्ही सुरुवातीपासूनच संरक्षणाचं कडं उभारण्याचा प्रयत्न केला. आई-वडील गमावलेल्या लेकी न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला: लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग होऊ शकतो या धोक्याचा विचार न करता आखलेलं ते धोरण बेकायदेशीर होतं.

'दिस इंग्लंड' हे सगळं दाखवते. पण माझी तक्रार इथूनच सुरू होते. डाउनिंग स्ट्रीटमधल्या माणसांना मालिकेत स्वभाव आहे, विनोद आहे, संसार आहे. पंतप्रधानांना तर स्वप्नंही आहेत. ते शेक्सपियरच्या ओळी म्हणतात, ग्रीक पुराणं आठवतात, आजारी पडतात, आणि बघताबघता शोकांतिकेचे नायक होतात. वॉर्डातली माणसं मात्र येतात, धापा टाकतात आणि जातात. कुणाचं घर कुठलं, कुणाला चहात साखर किती लागायची, हे आपल्याला कळत नाही. ज्याच्या हातात निर्णय होता त्याला मालिकेनं पूर्ण माणूस केलं, आणि ज्याच्या अंगावर तो निर्णय पडला त्याला प्रसंग. जॉन्सन खरोखरच फार आजारी होते, ५ एप्रिलला दाखल झाले, दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात गेले, तिथल्या परिचारिकांनी त्यांना रात्रभर जपलं, हे सगळं खरं आहे. त्यांच्या दुखण्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. पण त्याच आठवड्यात त्याच शहरात कितीतरी जण जवळ कुणी नसताना गेले, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा एकाच खाटेकडे परततो.

[दृश्य: अंधारलेला कॉरिडॉर. एका टोकाला उजेड. टेलिफोनवर वाजणारं प्रतीक्षेचं संगीत.]

याच्या बरोबर उलट जागी उभी राहते 'हेल्प' ही टीव्ही फिल्म. चॅनल फोर, सप्टेंबर २०२१. लेखक जॅक थॉर्न. हिच्यात एकही मंत्री नाही. लिव्हरपूलमधलं एक केअर होम, तिथं नव्यानं लागलेली सारा, म्हणजे जोडी कोमर, आणि ऐन उमेदीत स्मृतिभ्रंशानं गाठलेला टोनी, म्हणजे स्टीव्हन ग्रॅहम.

एका रात्री सारा पाळीवर एकटी आहे. एका वृद्धाचा श्वास अडकतोय. इथून पुढे साधारण पंचवीस मिनिटं दृश्य तुटतच नाही. कॅमेरा तिच्या मागे मागे. ती फोन लावते, थांबा म्हणतात. पुन्हा लावते. डॉक्टर येत नाही. रुग्णवाहिका येत नाही. संरक्षक पोशाख नाही, म्हणून अंगावर कचऱ्याच्या पिशव्या चढवल्या आहेत. शेवटी ती टोनीला उठवते, ज्याला उद्या हे आठवणारही नाही त्या टोनीला, आणि दोघं मिळून त्या वृद्धाला पालथं करतात, श्वास जरा मोकळा व्हावा म्हणून.

सरकारनं महामारी कशी हाताळली याचं याहून स्पष्ट चित्रण मी पाहिलेलं नाही. आणि त्यात सरकार कुठंच नाही. आहे ते फक्त त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला, जिथून उत्तर येत नाही. पिशवीचा तो प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज अजून कानात आहे. कोमर आणि त्याच फिल्ममधल्या कॅथी टायसन, दोघींना २०२२ चे बाफ्टा पुरस्कार मिळाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर आलेल्या 'ब्रेथटेकिंग'नं तिसरी वाट धरली. तिन्ही लेखकांनी डॉक्टरकी केलेली. वॉर्ड नाट्यरूपात, पण मंत्री मात्र खरेखुरे: पत्रकार परिषदांची मूळ दृश्यंच मध्ये मध्ये जोडलेली. नट नको, टोप नको. मंत्री जे बोलले ते त्यांच्याच तोंडून, आणि लगेच पुढे वॉर्ड.

[दृश्य: जुन्या रंगमंचावर विझत जाणारी मेणबत्ती.]

आता त्या नावाकडे येऊ. 'दिस इंग्लंड' हे शब्द शेक्सपियरच्या 'रिचर्ड दुसरा' या नाटकातले. इंग्लंडची थोरवी गाताना हमखास म्हटले जातात. पण ते म्हणतो कोण? जॉन ऑफ गाँट. मरणाला टेकलेला म्हातारा, ज्याचा श्वास संपत आला आहे. देशाचं कौतुक करत करत तो शेवटी येतो ते एका विलापावर: दुसऱ्यांना जिंकणाऱ्या या इंग्लंडनं लाजिरवाणेपणानं स्वतःलाच जिंकून घेतलं. मालिकेला याहून समर्पक नाव मिळालं नसतं. धाप लागलेला म्हातारा राज्यकर्त्याला सत्य सांगतोय, आणि राज्यकर्ता ऐकत नाही. खुद्द नाटकातच ही गोष्ट लिहिलेली होती. मालिकेनं मात्र शेक्सपियर त्या म्हाताऱ्याच्या नव्हे, पंतप्रधानांच्या तोंडी दिला.

[दृश्य: चौकशी आयोगाचं सभागृह. रिकाम्या खुर्च्या.]

नाटकांच्या पुढे जाऊन हिशेब मांडला तो बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालच्या, ब्रिटननं कोविड कसा हाताळला हे तपासणाऱ्या चौकशी आयोगानं. जुलै २०२४ च्या पहिल्या अहवालात म्हटलं की ब्रिटननं तयारी केली होती ती चुकीच्या महामारीची, इन्फ्लुएन्झाची. नोव्हेंबर २०२५ चा दुसरा अहवाल थेट निर्णयांबद्दल होता. फेब्रुवारी २०२० हा हातचा गेलेला महिना. सरकारच्या केंद्रस्थानी विषारी आणि गोंधळाचं वातावरण. जे केलं ते फार थोडं आणि फार उशिरा. आणि एक आकडा: लॉकडाऊन २३ ऐवजी १६ मार्चला लागलं असतं, तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३,००० मृत्यू टळू शकले असते, असं गणिती प्रतिमानं सांगतात.

एक आठवडा. चेल्टनहॅम, अॅनफिल्ड, फळीवरची ती ओळ, सगळं त्या १६ तारखेच्या अलीकडचं. 'दिस इंग्लंड' आली तेव्हा हा आकडा नव्हता. आज ती पुन्हा पाहिली की मार्चच्या मध्यावरचा प्रत्येक प्रसंग वेगळा दिसतो. कुणी बैठकीत पाणी पितं, कुणी मान डोलावतं, कुणी म्हणतं सोमवारी बघू, आणि आपण मनात दिवस मोजत बसतो.

[दृश्य: पुन्हा भिंत. जवळून. गुलाबी पडलेला एक बदाम, त्याच्यावरून फिरणारा ब्रश.]

सुरुवातीला हे बदाम साध्या रंगाच्या पेनांनी काढलेले होते. ऊन-पावसानं ते फिकट पडले. लालाचे गुलाबी झाले, काहींतली नावं पुसली गेली. म्हणून आता स्वयंसेवक इथं जमतात, बाहेरच्या भिंतींना लावायचा टिकाऊ रंग घेऊन. एकेक बदाम पुन्हा भरतात. आतलं नाव दिसत असेल तर पुन्हा लिहितात.

आज इथं एक बाई गुडघ्यावर बसली आहे. तिच्या मागून वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाचे टोले ऐकू येतात. तिनं मागे वळून पाहिलेलं नाही. ब्रशाचं टोक बदामाच्या कडेवर आहे, आणि शेजारचा अजून गुलाबीच आहे.