जुना पाइप साफ करा, नवा करू नका

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय तंबाखूच्या पाइपबद्दल. तोच तो लाकडी, वाकडा नाहीतर सरळ, जुन्या हिंदी पिक्चरमधे हिरॉइनचा श्रीमंत बाप गाऊन घालून जिन्यावर उभा राहून ओढायचा ना, तोच. आधीच सांगतो, मी ओढत नाही आणि कुणी ओढावा असंही म्हणत नाही, तोंडाचा, ओठाचा, घशाचा कॅन्सर पाइपनेही होतो आणि पाइप म्हणजे सिगरेटपेक्षा सेफ वगैरे गप्पांना काही अर्थ नाही. माझा जीव आहे तो त्या वस्तूवर. शोधायची, ओळखायची, नीट ठेवायची. आणि जुन्या पाइपची ओळख सगळ्यात जास्त कोण पुसतं माहितीये? चोरानेही नाही, वाळवीनेही नाही, साफ करणाऱ्याने. त्यावर आज जरा मोकळेपणी बोलतो.

चांगले पाइप बहुतेक ब्रायरचे. भूमध्य समुद्राच्या काठाने, इटली, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया अशा भागात एक झुडूप वाढतं, एरिका आर्बोरिया त्याचं शास्त्रीय नाव, आणि पाइप होतो तो त्याच्या फांदीचा नाही की खोडाचा नाही, खोड आणि मुळं यांच्या मधे जमिनीत जी गाठ धरते ना, तिचा. ती गाठ वाढायला काही दशकं जातात. मग ती खणायची, कापायची, ठोकळे तासन्‌तास उकळायचे म्हणजे आतला चीक, टॅनिन निघून जातं, आणि मग महिनोन्‌महिने सावलीत हळूहळू वाळवायचे, घाई केली की तडा गेलाच. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर हे लाकूड इतकं घट्ट असतं की आत विस्तव असला तरी सहजासहजी जळत नाही. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सँ-क्लोद गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या धंद्यावर उभं राहिलं, आणि तिथल्याच कॉमॉय घराण्यातला एक जण 1879 मधे लंडनला आला आणि तिथे पाइप बनवायला लागला. जुन्या कॉमॉय पाइपच्या स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, जो इंग्रजी सी असतो तो तीन तुकडे एकात एक बसवून केलेला असायचा, नंतर नंतर ते सोपं करत गेले आणि शेवटी लेझरवर आलं, म्हणजे नुसता तो सी भिंगातून बघितला तरी पाइप किती जुना याचा अंदाज येतो.

डनहिलचं तर विचारूच नका. आल्फ्रेड डनहिलने 1907 मधे लंडनला ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. त्याच्या पाइपवरचा तो पांढरा ठिपका, लोकांना वाटतं शोभेचा आहे, पण तो होता गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी, सरळ पाइपचं स्टेम काढून परत बसवताना वरची बाजू कुठली तेच कळायचं नाही, म्हणून वर ठिपका. आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे. लाकडावर मेड इन इंग्लंड असा ठसा असतो, त्यातल्या शेवटच्या डी नंतर एक बारीकसा आकडा असतो, त्यावरून वर्ष काढतात. एकच आकडा वेगवेगळ्या दशकांत येतो, मग त्या आकड्याची साइझ बघा, खाली रेघ आहे का बघा, पेटंट नंबर आहे का बघा, असं करत करत माणूस वर्षापर्यंत पोचतो. आता विचार करा, हा आकडा किती खोल असेल? नखाने लागत नाही इतका. त्यावरून पॉलिशचं चाक एकदा फिरलं की संपलं, चकचकीत लाकूड हातात राहतं आणि वर्ष गेलं ते गेलं.

आपल्याकडे दिवाळीच्या आधी चिंच लावून तांब्याची भांडी घासतात ना, तसे काही लोक पाइप घासतात. चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात कधी पाइप मिळालाच तर तो काळाकुट्ट, वास मारणारा घ्यावा असं माझं मत आहे, कारण तो कुणी हाताळलेला नसतो. घाण निघते हो. ठसा परत येत नाही.

मग घाण काढायची कशी? पहिलं म्हणजे स्टेम सावकाश, फिरवत, एकाच दिशेने काढायचं, आणि ज्यांच्या घरी वडील आजोबा अजून ओढतात त्यांना सांगा की पाइप गरम असताना स्टेम ओढू नका, स्टेमचा लाकडात शिरणारा खुंटा मोडतो. याला अपवाद आहे बरं का, डब्लिनच्या पीटरसनचे जे सिस्टिम पाइप आहेत, 1890 च्या पेटंटचे, त्यांच्या लाकडाला, स्टेम शिरतं त्या तोंडाशी, धातूची टोपी असते आणि स्टेम नुसतं आत खोचलेलं असतं, ते गरम असतानाही निघतं. त्यात लाकडाच्या आतच एक खळगा केलेला असतो, ओल तिथे साठते, तोंडात येत नाही. डोकं लावलंय माणसाने. पण जुना सिस्टिम पाइप घेतलात तर सगळी घाण त्या खळग्यातच बसलेली असणार, तिथे आधी काडीला कापूस गुंडाळून घाला.

मुख्य वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागाच्या आत काजळीचा थर बसतो, त्याला केक म्हणतात. हा थर थोडा असावा लागतो, एक मिलिमीटरच्या आसपास, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. खूप जाड झाला तर तापल्यावर वाटीला तडा देऊ शकतो. म्हणजे थर काढायचाच नाही असं नाही आणि लाकूड दिसेपर्यंत खरवडायचं असंही नाही, चाकू तर अजिबात घालू नका, पेन्सिलला बारीक सँडपेपर गुंडाळून हळूहळू फिरवा. वास जात नसेल तर जुनी युक्ती, वाटीत कापूस ठासा किंवा साधं खडे मीठ भरा, ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल ओलं होईल एवढंच सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसतो. मी कापूसच वापरतो, मिठाने लाकूड तडकतं की नाही यावर पाइपवाले तासन्‌तास भांडतात, मला त्या भांडणात पडायचं नाही. अल्कोहोल बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका, आणि अ‍ॅक्रिलिकच्या स्टेमला तर लावूच नका, त्यावर केसासारख्या चिरा पडतात.

आता ते स्टेम. जुनी स्टेम बहुतेक व्हल्कनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून भाजलेलं कडक रबर. ऊन आणि दमट हवा लागली की ते गंधक वर येतं आणि काळंभोर स्टेम हिरवट-तपकिरी होतं, चवही घाण. लोक पहिली चूक काय करतात, तर गरम पाण्याने धुतात, आणि रंग अजून उडतो. ओला बारीक वॉटर पेपर, मग त्याहून बारीक, मग अजून बारीक, असं जायचं, कंटाळा येतो पण दुसरा उपाय नाही, आणि कंपनीचा लोगो असेल तिथे हात लावायचा नाही, हिरवट राहिला तर राहू दे. एक मात्र मजा आहे या मटेरियलची, त्याला आपला आधीचा आकार आठवतो. दातांनी खड्डे पडले असतील तर मेणबत्तीच्या ज्योतीवरून लांबूनच, भरभर दोन-चार वेळा फिरवा, खड्डे आपोआप वर येतात. पण वाकडं स्टेम जास्त तापवलंत तर तेही सरळ होऊन बसतं.

मीरशॉमचे पांढरे पाइप हा वेगळा विषय. तो दगडासारखा पदार्थ, सेपिओलाइट, चांगला मिळतो तो तुर्कस्तानात एस्किशेहिर भागात, खाणीतून ओला काढला की इतका मऊ की चाकूने कोरता येतो, आणि वाळला की पाण्यावर तरंगेल इतका हलका. मधमाशांच्या मेणात बुडवतात आणि वापरून वापरून तो पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी होतो, तो रंग म्हणजेच त्याचं सगळं मोल. कुणीतरी सांगतं ब्लीचने पांढरा करून देतो. देऊ नका! यात केक धरू द्यायचा नाही, अल्कोहोल नाही, पाणी नाही, मऊ कोरडं फडकं बास.

मातीच्या पाइपवर मी खरं तर अख्खा कार्यक्रम करीन. आपल्याकडे चिलीम आहेच, छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, ओली करून खाली धरायची, साईबाबांची चिलीम तर सगळ्यांना ठाऊक. पण युरोपातले मातीचे पाइप म्हणजे लांब नळी आणि टोकाला पिटुकली वाटी, हॉलंडमधे गौडा गाव त्यासाठी प्रसिद्ध. तंबाखू महाग होता तेव्हा वाटी छोटी होती, स्वस्त झाला तशी मोठी झाली. नळी मोडली की फेकून द्यायचे, त्यामुळे थेम्सच्या चिखलात आजही तुकडे सापडतात. हॅरिंग्टन नावाच्या एका अमेरिकन पुरातत्त्ववाल्याने 1954 मधे काय केलं, तर खोदकामात निघालेल्या असल्या तुकड्यांच्या भोकात ड्रिलची पाती घालून भोकं मोजली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भोक इंचाचा नऊ चौसष्टांश, आणि अठराव्याच्या उत्तरार्धात चार चौसष्टांश, कारण नळ्या लांब होत गेल्या आणि भोकं बारीक. एक तुकडा सापडला तर काही कळत नाही, पण ढीगभर सापडले की वस्ती साधारण कधीची ते सांगता येतं. हे तुकडे धुतानाही भोकात तार खुपसू नका, जे मोजायचंय तेच आपण मोठं करून ठेवायचो.

पावसाळ्यात मात्र आपलं हवामान वैऱ्यासारखं वागतं, कोकणात तर विचारायलाच नको. पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात तर पंधरवड्यात वाटीत पांढरी बुरशी. सुती पिशवीत ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि खिडकीजवळच्या काचेच्या शोकेसमधे ठेवायचा मोह आवरा, उन्हाने स्टेम जातं. चांदीची रिंग असेल तर घासू नका, तिच्यावर हॉलमार्क असतो, सिंह असेल तर इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुटवाली वीणा म्हणजे आयर्लंड, आणि शेजारच्या अक्षरावरून वर्ष. फक्त रिंग नंतर बसवलेली असू शकते, तेव्हा रिंगचं वर्ष म्हणजे पाइपचंच वर्ष असं धरून चालू नका.

पहिला पाइप घ्यायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च आणि दहा पटीचं भिंग न्या. वाटीत टॉर्च मारून तडा बघा, बाहेरून लाकडात फिकट गुलाबी ठिपके दिसतात का बघा, ती लांबी, म्हणजे पुट्टी असते, लाकडातले खड्डे बुजवायला भरलेली, असा पाइप स्वस्तात मागायचा. ठसा वाचता आला तर कागदावर उतरवून घ्या, फोटोत नेमकी ती आकड्याखालची रेघच येत नाही. नमस्कार.