किनाऱ्याचे तोंड कोणीकडे?

(कोथरूडमधील एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘परदेशातील सागरी सहल : सुरक्षिततेचा विचार कसा करावा’ असा छापला आहे. सभागृहातील गर्दी पाहता, मे महिन्याच्या सहलींचे आगाऊ पैसे भरण्याची मुदत जवळ आली असावी, असा माझा तर्क आहे. काही जण केवळ व्याख्यानानंतरच्या अल्पोपाहारासाठीही आले असतील. त्यांचेही स्वागत आहे, कारण बटाटेवड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना माझ्यातूनच जावे लागणार आहे.

परदेशी जायचे ठरले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तिकडे सेफ आहे ना?’ या प्रश्नामागे बहुधा बॉम्बस्फोट आणि चोर असतात. ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. 12 ऑक्टोबर 2002 रोजी बालीतील कुटा येथे स्फोट झाले आणि 202 माणसे मारली गेली. 26 जून 2015 रोजी ट्युनिशियातील सूस येथे एका बंदूकधाऱ्याने किनाऱ्यावर पहुडलेल्या पर्यटकांवर गोळ्या झाडल्या आणि 38 जणांचा बळी घेतला. 21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या दिवशी, श्रीलंकेतील चर्च आणि कोलंबोतील मोठी हॉटेले यांत अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक घटनेनंतर आपण नकाशावरचा एक अख्खा देश खोडून टाकतो आणि दोन-तीन वर्षांनी, भाडे स्वस्त झाले की, तोच देश पुन्हा लिहितो. या खोडण्यात आणि लिहिण्यात समुद्र कोठेच नसतो, ही माझी पहिली तक्रार आहे.

ज्यांना अधिक अभ्यासू राहायचे असते, ते पाश्चात्त्य सरकारांची सूचनापत्रे वाचतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते प्रत्येक देशाला एक ते चार अशी पातळी देते. अलीकडच्या वर्षांत मालदीव दुसऱ्या पातळीवर राहिला आहे, म्हणजे ‘अधिक सावधगिरी बाळगा’. आपल्याला मनोरंजक वाटेल, पण भारतही त्याच दुसऱ्या पातळीवर आहे. सायंकाळी सात वाजता कर्वे रस्ता ओलांडून या सभागृहात आलेल्या ज्येष्ठांना मालदीवच्या वाळूत आणखी कोणती सावधगिरी शिकवायची, हे मला उमगत नाही. सूचनापत्रे वाचू नयेत असे नव्हे. त्यांतील पातळीचा आकडा सोडून द्यावा आणि प्रांतवार मजकूर वाचावा, कारण खरी माहिती तेथे असते.

माझे म्हणणे इतकेच आहे की, सागरी सहलीच्या सुरक्षिततेसाठी देश हे फार मोठे माप आहे. विचारावयाचे ते किनारा कोणता, महिना कोणता आणि घड्याळात वाजले किती, एवढेच. त्यातही पहिला प्रश्न हा, की त्या किनाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे.

हा प्रश्न मी एकदा लक्ष्मी रस्त्याच्या बाजूच्या एका सहल कंपनीच्या कार्यालयात विचारला. कंपनीचे नाव घेत नाही. कार्यालय नेटके होते, भिंतीवर आयफेल टॉवर आणि त्याखाली गणपती होता, आणि समोर बसलेली मुलगी अत्यंत तरतरीत होती. थायलंडमधील फुकेत बेटाच्या सहलीची रंगीत पुस्तिका तिने माझ्यापुढे उलगडली. मी विचारले, ‘या किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे?’ ती तत्परतेने म्हणाली, ‘सर, आपल्या सगळ्याच रूम सी-फेसिंग आहेत.’ मी म्हटले, ‘खोलीचे नव्हे, किनाऱ्याचे. पूर्व की पश्चिम?’ शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ सहलीचा धनादेश लिहीत होते. त्यांनी लेखणी थांबवली आणि मोठ्या आदराने विचारले, ‘वास्तुशास्त्राचं काही असतं का हो यात?’ मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातील रस संपला. मुलगी आत जाऊन वरिष्ठांना विचारून आली आणि विजयी मुद्रेने म्हणाली, ‘सर, सनसेट दिसतो!’

मित्रहो, मला त्या कार्यालयात मिळालेले हे सर्वांत उपयुक्त उत्तर होते, आणि ते देणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. सूर्य समुद्रात मावळताना दिसतो, म्हणजे किनारा पश्चिमाभिमुख आहे. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरील काता, कारोन यांसारख्या पुळणींवर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा थेट येऊन आदळतात. आपल्याकडे ज्या पावसाची आपण चातकासारखी वाट पाहतो, त्याचेच हे भाऊबंद वारे आहेत. त्या महिन्यांत तेथे लाल निशाणे लागतात आणि निशाण न मानणारे पर्यटक दरवर्षी बुडतात. पुस्तिकेतील छायाचित्र अर्थातच जानेवारीतील असते.

तक्रार अजून संपलेली नाही. त्या पुस्तिकेत सकाळच्या न्याहारीपासून मंदिरातील पादत्राणांपर्यंत प्रत्येक गोष्टीची काळजी वाहिलेली होती. बसमध्ये कोणी कोठे बसावे याचाही नियम होता. मात्र तिसऱ्या दिवसापुढे एवढेच छापले होते : ‘समुद्रकिनाऱ्यावर मोकळा वेळ’. ज्या ठिकाणी मार्गदर्शकाची खरोखर गरज असते, नेमक्या त्याच ठिकाणी मार्गदर्शक खरेदीला गेलेला असतो. मी त्या मुलीला विचारले की मोकळ्या वेळात पाण्यापाशी कोण असते; ती म्हणाली, ‘सर, हॉटेलचा स्विमिंग पूल पण आहे.’ याहून समर्पक सल्ला मला नंतरही कोणी दिलेला नाही.

आता अडचण अशी आहे की आपल्या मराठी कुटुंबांचे सहलीचे पंचांग शाळांच्या सुट्ट्या ठरवतात, म्हणजे मे आणि दिवाळी, आणि समुद्राचे पंचांग त्याच्याशी जुळत नाही. मेच्या उत्तरार्धात फुकेत खवळू लागते. तेथून फार दूर नसलेले कोह सामुई बेट थायलंडच्या आखातात, द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला आहे. त्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका दिवाळीच्या सुमारास असतो. श्रीलंकेत तर एकाच छोट्या देशाचे दोन हंगाम आहेत. बेन्तोटा, हिक्काडुवा, मिरिस्सा हा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते एप्रिलमध्ये शांत असतो; त्रिंकोमाली आणि पासिकुडा हा पूर्व किनारा मे ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा ‘श्रीलंका सुरक्षित आहे का’ याचे उत्तर मे महिन्यात एका किनाऱ्यासाठी एक आणि शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्यासाठी अगदी उलट येते.

बालीचे प्रकरण याहून फसवे आहे, कारण तेथे आकाश आणि समुद्र यांचे एकमेकांशी पटत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर हा बालीचा कोरडा हंगाम, ऊन लख्ख. पण त्याच महिन्यांत दक्षिण महासागरातील हिवाळी वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून कुटा, सेमिन्याक, चांगू या बाजूला येतात. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांना त्या हव्याच असतात, आपल्याला नकोत. जवळच्या नुसा पेनिडा बेटावर छायाचित्रासाठी खडकाच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसांना अशाच लाटांनी ओढून नेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. उलट त्याच बालीत पूर्वेकडील सानूर आणि नुसा दुआ हे किनारे प्रवाळाच्या बांधामागे असल्याने पुष्कळ सौम्य असतात. दूरवरून आलेली ही लाट आपल्या देशालाही परकी नाही. केरळात तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तिचे इशारे देते.

येथे एक विषयांतर करतो. कोकणातील जुन्या माणसांना भरतीची वेळ तोंडपाठ काढता येत असे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्याला छान लागू पडतो, म्हणून मागच्या वर्षी एका उत्साही सभासदाने तो थायलंडच्या आखातात वापरून पाहिला. तेथे कित्येक ठिकाणी दिवसातून एकदाच ठळक भरती येते. सभासद सुखरूप आहेत, पहिल्या रांगेत बसले आहेत आणि माझ्याकडे रागाने पाहत आहेत. परदेशी गेल्यावर स्थानिक भरतीचे कोष्टक मिळवावे, एवढाच माझा आग्रह आहे.

मॉरिशसभोवती प्रवाळाचे कडे असल्याने आतले पाणी तळ्यासारखे निवांत वाटते, मात्र दक्षिणेला ग्रिस-ग्रिस येथे ते कडे नाही आणि तेथे पोहणे धोक्याचे आहे. मालदीवमध्ये खोलीच्या पायऱ्यांखालचे पाणी कमरेइतके असते; पण प्रवाळाची कड संपली की खोल पाणी आणि बेटांमधल्या खिंडींतला वेगवान प्रवाह सुरू होतो. तोंडात नळी धरून पालथे तरंगणे हा खेळ निरुपद्रवी दिसतो, मात्र हृदयाचा आणि श्वासाचा त्रास असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याविना करू नये, कारण गंभीर रुग्णाला बहुधा बोटीने किंवा समुद्री विमानाने राजधानी मालेपर्यंत न्यावे लागते.

लाटांमधून आत ओढणाऱ्या प्रवाहाविषयी दोन शब्द सांगणे मला अत्यावश्यक वाटते. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेषेत मध्येच एक शांत, किंचित गढूळ पट्टा दिसतो. मुलांना घेऊन उतरायला तीच जागा सर्वांत बरी वाटते, आणि किनाऱ्यावर चढलेले पाणी नेमके तेथूनच परत आत जात असते. त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ऑलिंपिकमधील जलतरणपटूलाही तो भारी पडतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर लोंढ्यात सापडलेला शहाणा पुणेकर जसा उलटे ढकलत न बसता बाजूच्या बोळात शिरतो, तसे येथे किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचे असते. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. 2016 साली मुरुडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीवर ओढवलेला प्रसंग आठवला, तर हे परदेशापुरते नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. तीत ‘10 मिनिटे’ असे लिहून ते खोडून ‘7’ केले आहे. पत्रिकेवर छापलेला विषय, म्हणजे सुरक्षिततेचे वजन कसे करावे, तो अजून उरला आहे. तेव्हा तो आता धावत सांगतो.

प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न विचारावेत : तो घडण्याचा संभव किती, घडल्यास हानी किती, आणि तो टाळणे माझ्या हातात किती. दहशतवादी हल्ल्यात हानी भयंकर, पण संभव अल्प आणि आपल्या हातात जवळपास काहीच नाही. म्हणून त्यावर रात्ररात्र चर्चा करण्यात अर्थ नाही, सूचनापत्र वाचून निर्णय घ्यावा आणि पुढे जावे. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामीही अशीच विरळ. मात्र जमीन जोरात हलली किंवा समुद्र एकाएकी मागे हटला तर शंख-शिंपले वेचायला न जाता उंचावर पळायचे, हे आपल्या हातात आहे.

रस्त्याचा धोका याच्या उलट, रोजचा आणि बराचसा हातातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालात थायलंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे 32.7 रस्तेमृत्यू दाखवले होते, भारतात 22.6, आणि थायलंडमधील मृतांत सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी-तिचाकीवरचे होते. पुण्यात हेल्मेटविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांनी निदान थायलंडात भाड्याची स्कूटर घेऊ नये. घेतलीच तर आरटीओकडून दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, कारण वैध परवाना नसेल किंवा मद्यपान केलेले असेल तर विमा कंपनी दावा नाकारते. विम्याच्या कागदात जलक्रीडा वगळल्या आहेत का, हेही बारीक अक्षरांत पाहावे.

बोट : 5 जुलै 2018 रोजी फुकेतजवळ हवामानाचा इशारा असताना निघालेली ‘फिनिक्स’ बोट उलटली आणि 47 चिनी पर्यटक बुडाले. इशारा असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, आपण किनाऱ्यावर थांबावे. मद्य : नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसमधील वांग व्हियेंग येथे मिथेनॉलमिश्रित मद्याने सहा परदेशी पर्यटक दगावले, फुकटचे आणि सुटे मद्य घेऊ नये. प्राणी : बालीत 2008 पासून रेबीज आहे, तेव्हा मंदिरातल्या माकडांशी आपुलकी नको, आणि चावल्यास त्याच दिवशी लस घ्यावी. एकट्या जाणाऱ्या मुलींविषयी आणि सुनांविषयी सल्ले देण्याचा मोह आवरावा. हॉटेल वस्तीत आहे का, रात्री उशिरा विमानतळावरून नेण्याची सोय कोणाकडे आहे आणि पेला नजरेआड होत नाही ना, या तीन गोष्टी त्या आपल्याहून जास्त जाणतात.

निशाणे सांगून थांबतो. लाल-पिवळे आडवे दुरंगी निशाण दोन ठिकाणी रोवलेले असेल तर त्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते; एक लाल म्हणजे धोका मोठा, आपल्यासारख्यांनी उतरू नये; दोन लाल म्हणजे पाणी बंद; जांभळे म्हणजे जेलीफिशसारखे डंख करणारे प्राणी. निशाणच नसेल तर ती परवानगी समजू नये, तेथे बहुधा जीवरक्षकही नसतो.

थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आणि रुग्णवाहिकेचा 1669. श्रीलंकेत रुग्णवाहिकेसाठी 1990, आणि ती सेवा 2016 मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली आहे. जेथे जाल तेथील भारतीय दूतावासाच्या क्रमांकासह हे सर्व कागदावर लिहून खोलीत ठेवावे, कारण मोबाईल नेमका त्याच वेळी पाण्यात पडलेला असतो.