आपलं कोणतं, परकं कोणतं

मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, जिवाणूला ना डोळे, ना मेंदू. मग आत शिरलेला डीएनए परका आहे हे त्याला कळतं तरी कसं?’ प्रश्न इतका नेमका आहे की मी तिथूनच सुरुवात करतो.

डीएनए इथून तिथून सारखाच. तीच चार अक्षरं: ए, टी, जी, सी. बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू, पेशीला बाहेरून चिकटतो आणि फक्त आपला डीएनए आत सोडतो. अनेकदा तासाभराच्या आतच पेशी फुटते आणि नवे फेज बाहेर पडतात. निवाडा करायला वेळ असा नसतोच.

याचा पहिला धागा हाती लागला तो 1952च्या सुमारास, अमेरिकेत साल्वादोर लुरिया यांना. त्यांचे फेज ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूच्या एका वाणाला मारत होते, पण फेजची पुढची पिढी कुठे दिसत नव्हती. एके दिवशी जिवाणूंची परीक्षानळी फुटली, म्हणून त्यांनी शेजारच्या सहकाऱ्याकडून ‘शिगेला’ नावाचे दुसरे जिवाणू उसने आणले. त्यांच्यात ते ‘हरवलेले’ फेज मजेत वाढले! फेज मेले नव्हते. ज्या पेशीत ते जन्मले तिची छाप घेऊन आले होते. दहा वर्षांनी जिनिव्हात वर्नर आर्बर आणि डेझी डुसुआ यांनी दाखवलं की अशी छाप डीएनएवरच असते.

आता ही छाप नीट समजून घेऊ. इकोआरवन नावाचं एक एन्झाइम आहे. जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं दिसली की ते डीएनए कापतं. डीएनएला समोरासमोर दोन धागे असतात. समोरचा धागा उलट दिशेनं वाचा, पुन्हा जी-ए-ए-टी-टी-सी. आपल्या ‘चिमा काय कामाची’सारखं, दोन्हीकडून एकच. पण ही सहा अक्षरं जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही शेकडो ठिकाणी असतात. म्हणून तो तिथल्या एका ए-वर मिथाइल गट, म्हणजे एक छोटीशी रासायनिक खूण, बसवून ठेवतो. गोंदणच म्हणा. गोंदलेलं ते आपलं, कोरं ते परकं.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच वाटते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा जुना धागा गोंदलेला असतो आणि नवा कोरा. अशा वेळी एन्झाइमनं घरचाच डीएनए कापला तर? नाही कापत. एका धाग्यावर खूण असली तरी कात्री थांबते, आणि दुसरं एन्झाइम येऊन नव्या धाग्यावर गोंदण पुरं करतं. पण क्वचित एखाद्या फेजचा डीएनए कापला जाण्याआधीच गोंदला जातो. मग त्याची पिल्लं त्या घरात बिनधास्त फिरतात. या कात्र्यांवर पुढे जनुक अभियांत्रिकी उभी राहिली. आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांना 1978चं नोबेल मिळालं.

दुसरी युक्ती स्मरणाची. स्पेनमध्ये सांता पोलाच्या मिठागरांत मीठप्रेमी आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव, राहतात. 2020च्या जूनमध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं ते अशाच मीठप्रेमी आर्कियांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं होतं. तर 1993 साली फ्रान्सिस्को मोहिका यांना सांता पोलाच्या आर्कियाच्या डीएनएत सुमारे तीस अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा पुन्हा आढळला, आणि दोन मजकुरांच्या मध्ये दर वेळी वेगळाच तुकडा. पुढे याला क्रिस्पर हे नाव पडलं. मधले तुकडे काय आहेत हे कळायला मोहिकांना दहा वर्षं लागली: त्यातले काही तर फेजच्या डीएनएशी जुळत होते! त्यांचा निबंध नियतकालिकं एकामागून एक नाकारत गेली. तो 2005 साली छापून आला. या माणसाच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे.

खात्री पटवली ती योगर्टच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसनं. फेज शिरला की दुग्धशाळेतलं विरजण वाया जातं. डॅनिस्को कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 2007 साली दाखवलं की हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंनी फेजचा तुकडा आपल्या क्रिस्परच्या यादीत जोडून घेतलेला असतो. तो तुकडा काढला की संरक्षण गेलं. लक्षात घ्या, ही कमाई डीएनएतच लिहिलेली असल्यामुळे ती थेट वारशानं पुढे जाते.

आता त्या मुलीचा प्रश्न इथेही उभा राहतो. यादीतला तुकडा आणि शत्रूचा तुकडा अक्षरशः एकच. यादीशी जुळणारा डीएनए कापणारं एन्झाइम म्हणजे कॅस-9. मग ही कात्री स्वतःची यादी का कापत नाही? कारण ती नुसता तुकडा बघत नाही, त्याच्या शेजारची अक्षरंही बघते. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनसच्या कॅस-9ला तुकड्यालगत दोन जी हवे असतात. फेजमध्ये ते असतात, यादीत त्या जागी नसतात.

आणि यादीत घरचाच तुकडा चुकून जाऊ नये म्हणून? ई. कोलायमध्ये रेकबीसीडी नावाचं यंत्र डीएनएचं मोकळं टोक दिसलं की तिथून कुरतडत सुटतं. ‘काय’ (chi) या ग्रीक अक्षराच्या नावाची आठ अक्षरी खूण आली की त्याचं कुरतडणं आवरतं. ई. कोलायच्या डीएनएत अशा सुमारे हजार खुणा आहेत, फेजमध्ये मोजक्या किंवा एकही नाही. त्यामुळे परक्याचा जास्त चुरा होतो आणि यादीत मुख्यतः त्याचेच तुकडे जातात.

फेजही गप्प बसत नाहीत. काही फेज हे कुरतडणारं यंत्रच बंद पाडणारं प्रथिन बनवतात. पण काही ई. कोलायमध्ये रेट्रॉन नावाची व्यवस्था त्या यंत्रावर पहारा देते, हे 2020 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. यंत्र बंद पडलं की रेट्रॉन पेशीलाच संपवतो, फेजची नवी पिढी तयार होण्याआधी. पेशी मरते, आतला फेजही अडकून संपतो. शेजारच्या पेशी तिच्याच बहिणी, जवळजवळ तोच डीएनए असलेल्या. त्या वाचतात.