फ्रेमवाल्याला नक्की कुठलं माप सांगायचं?

नमस्कार मंडळी, हे हातात आहे ते वारली चित्र, कागद ११ बाय १४ इंच. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, त्याआधी वारली पाडे म्हटलं की ठाणे जिल्हाच, त्यामुळे ठाण्यात बऱ्याच घरी असं एखादं चित्र गुंडाळून कपाटावर असतं, फ्रेम करू करू म्हणत राहून जातं. आमचं मी नौपाड्यात एका दुकानात नेलं, म्हटलं ११ बाय १४ चं माउंट करा (माउंट म्हणजे काचेखाली चित्राभोवती बसवतात तो, मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा), तर त्यांनी माउंटची खिडकी बरोब्बर ११ बाय १४ कापली, कागदाला टेकायला कडाच नाही, पावसाळ्यात चिकटपट्टी सुटली आणि चित्र आत घसरून वाकडं झालं. फार वाईट वाटलं हो.

तर खिडकी चित्रापेक्षा लहान हवी, चारही बाजूंनी एकेक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फ्रेमवाले, सुतार सगळे तसंच बोलतात. म्हणजे आपली खिडकी पावणेअकरा बाय पावणेचौदा. पण कागद आधी दोन-तीन ठिकाणी मोजा, हातकागदाची कड सरळ नसते, जे माप सगळ्यात कमी येईल ते धरा. आणि चित्रकाराची सही अगदी कडेला असेल तर ती झाकू नका प्लीज, त्यापेक्षा खिडकी कागदाहून मोठी ठेवा आणि कागद मागच्या बोर्डावर बसवून घ्या, कडा दिसल्या तरी छानच दिसतात.

आता माउंटची पट्टी अडीच इंच धरूया, दोन्ही बाजू मिळून पाच, म्हणजे माउंट आणि काच पावणेसोळा बाय पावणेएकोणीस. दुकानात फ्रेमचा साइज म्हणतात तो हाच, काचेचा, बाहेरचा नाही. फ्रेमच्या खाचेत सगळ्या बाजूंनी साधारण दोन सूत झाकलं जातं, म्हणून अडीचचं माउंट डोळ्याला सव्वादोनच दिसतं. आणि खाचेत बोर्डाला सूतभर मोकळीक ठेवायला सांगा, दमट हवेत बोर्ड फुगतो, जागा नसली की पोट काढतो. भिंतीवर किती जागा लागेल ते वेगळं, एक इंचाची लाकडी पट्टी घेतली, तिचे दोन सूत काचेवर येतात, तर बाहेरून सव्वासतरा बाय सव्वावीस, सोफ्याच्या वर लावणार असाल तर हे मोजून जा.

मुलांच्या सर्टिफिकेटचं एक सांगते, ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे रुंदी सव्वाआठ इंचाला जरा जास्तच, तो ८ बाय १२ च्या तयार फ्रेममध्ये जात नाही, आणि लोक चक्क कडा कापतात. नका कापू, ए-फोरचीच फ्रेम मागा.

आणि आजी-आजोबांचा जुना फोटो असेल तर माउंट लावाच, शोभेसाठी नाही, काच फोटोला टेकू नये म्हणून. जुन्या फोटोंच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, ओल धरली की तो काचेला चिकटतो. आधीच चिकटला असेल तर ओढू नका, थर काचेवरच राहतो, काचेसकट स्कॅन करून घ्या आणि तसाच जपून ठेवा.