न खाणारी गेको आणि तिचे कॅल्शियम

(रत्नागिरीत प्राणिपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘आमची गेको काही खातच नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आले, की मी आधी अन्नाविषयी विचारत नाही. पेटी कोणत्या खोलीत ठेवली आहे ते विचारतो. आज आपण ज्या क्रेस्टेड गेकोविषयी बोलत आहोत, ती पाळली जाणारी परदेशी पाल मूळची प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडेपर्यंत ती नामशेष झाली असेच समजले जात होते. तिला साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि पारा २८ च्या वर रेंगाळू लागला की ती सुस्तावते आणि खाणे टाकते. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये दुपारी ३२-३३ अंश असतात आणि रात्रीसुद्धा फारसा उतार पडत नाही, तेव्हा त्या दिवसांत तिने तोंड फिरवले तर तो नखरा नव्हे. पेटी माळ्यावर किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली असेल, तर ती आधी खाली आणा. जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात उत्तरेकडच्या खोलीतला जमिनीलगतचा कोपरा पुष्कळदा पुरेसा थंड असतो. तेवढ्याने भागत नसेल, तर वातानुकूलन यंत्राचा खर्च परवडतो का, याचा विचार प्राणी घेण्यापूर्वीच करायला हवा होता, हे मला स्पष्टच सांगावे लागते.

खोली ठीक असेल, तर पुढचा प्रश्न असा, की ती खरोखरच खात नाही, की आपल्याला ते दिसत नाही? ही निशाचर पाल वाटीत ठेवलेला भुकटीचा लगदा रात्री जिभेने थोडा थोडा चाटून खाते, आणि सकाळी वाटी जवळजवळ भरलेलीच दिसते. वाटी उजेडात तिरपी धरून पाहा. लगद्याच्या पृष्ठभागावर जिभेच्या अरुंद, उथळ खुणा असतील तर ती जेवली आहे. शंका राहिलीच, तर तशीच दुसरी वाटी पेटीबाहेर ठेवावी आणि सकाळी दोन्ही वाट्या वजन करून पाहाव्यात, म्हणजे नुसते पाणी उडून किती घट झाली तेही कळते. खरा निवाडा मात्र प्राण्याच्या वजनाचा. ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी वजन करून वहीत लिहा. वजन स्थिर असेल आणि विष्ठा नियमित होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. नव्या घरी आलेली गेको काही दिवस जवळपास उपाशी राहते. तिला वारंवार हातात घेऊन ‘खा गं’ म्हटल्याने तो काळ वाढतोच.

आता मुख्य विषयाकडे येतो. क्रेस्टेड गेकोसाठी तयार भुकटी मिळते. एक भाग भुकटी आणि साधारण दोन भाग पाणी कालवून पातळ पिठल्यासारखा लगदा करतात. या भुकटीत कॅल्शियम, ते शोषून घ्यायला लागणारा ड जीवनसत्त्वाचा डी-थ्री हा प्रकार आणि अ जीवनसत्त्व आधीच घातलेले असते. जी गेको ही भुकटी नीट खाते, तिला पूरक द्रव्यांची फारशी गरज उरत नाही. आठवड्यातून एकदा किडे दिले, तर त्यांना साधी कॅल्शियमची पूड पुरते. पण जी भुकटी नाकारते आणि फक्त रातकिडे किंवा डुबिया झुरळे खाते, तिचा हिशेब पूर्ण वेगळा होतो. किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते, तर प्राण्याला फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम लागते. म्हणून अशा गेकोला डी-थ्री असलेले कॅल्शियम आणि अधूनमधून बहुजीवनसत्त्वाची पूड द्यावीच लागते. पूरक द्रव्य कोणते आणि किती, हे डबीवरच्या सूचनेवरून ठरत नाही. आपली गेको प्रत्यक्षात काय पोटात घालते, त्यावरून ठरते. भुकटी आणि किडे दोन्ही खाणाऱ्या गेकोला सगळेच भरभरून दिले, तर अपाय होतो. अ आणि ड ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळणारी असल्याने शरीरात साठून राहतात. ड अति झाले की कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत साचू लागते. त्यामुळे माणसांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून घालण्याचा मोह टाळावा.

कमतरता कशी ओळखायची? जबडा रबरासारखा मऊ लागणे, पाय वाकणे, बोटांना कंप सुटणे, शेपटी किंवा पाठ वेडीवाकडी होणे ही हाडांच्या आजाराची लक्षणे आहेत, पण ती दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. या गेकोने तोंड उघडले, की टाळूच्या मागच्या बाजूला दोन पांढरट पिशव्या दिसतात; तो तिचा कॅल्शियमचा साठा. त्या भरलेल्या दिसल्या तर चांगलेच, पण त्या पाहण्यासाठी जबरदस्तीने तोंड उघडू नये.

कोकणात कॅल्शियम स्वस्तात मिळण्याच्या दोन वाटा लोक सुचवतात. पहिली समुद्रफेनाची. आपल्या पुळणीवर वाहून येणारे हे माकलाचे हाड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. ते गोड्या पाण्यात अनेक वेळा पाणी बदलत भिजवले, उन्हात खडखडीत वाळवले आणि वस्त्रगाळ केले, तर साधे कॅल्शियम म्हणून चालू शकते. त्यात डी-थ्री नसते, एवढे लक्षात ठेवायचे. दुसरी वाट चुन्याची, आणि ती साफ चुकीची आहे. शिंपले भाजून केलेला किंवा पानाला लावायचा चुना दाहक असतो. त्याने तोंड आणि अन्ननलिका पोळतात.

पूड लावलेला किडाच गेको सोडून देते, अशी तक्रार मी खूप ऐकतो. बहुतेकदा किडा पिठात घोळवल्यासारखा पांढराफटक झालेला असतो. डबीत चिमूटभर पूड टाकून किडा हलकेच फिरवावा. अंगावर पुसटसा थर पुरे. किड्याची लांबी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा फार जास्त नसावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे किडे गेकोला देण्याआधी त्या किड्यांना २४ ते ४८ तास चांगले खाऊ घालावे. शेवग्याचा पाला यासाठी उत्तम, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि परसात तो फुकट मिळतो. पालक मात्र नको. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

भुकटी नाकारणाऱ्या गेकोसाठी फळांची मदत घेता येते. त्यात हापूसपेक्षा पपई बरी, कारण पपईत कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असते, आंब्यात आणि केळ्यात तसे नसते. लगद्यात थोडा पपईचा गर मिसळून सुरुवात करावी आणि काही आठवड्यांत तो कमी करत शून्यावर आणावा. नुसता गर रोज दिला, तर ती गोडाला चटावते, आणि मग भुकटीकडे पाहतसुद्धा नाही. नाकाच्या टोकाला लगद्याचा ठिपका लावला, तर ती तो चाटते आणि चव ओळखते. वाटी पेटीच्या तळाशी ठेवू नका. ती झाडावर राहणारी आहे, वाटी उंचावर बांधा आणि सकाळी उचला. आपल्या हवेत लगदा लवकर आंबतो.

‘घरातल्या पालीला कोण पूड घालते?’ असे इथे कोणी तरी विचारणारच. भिंतीवरची पाल रात्रभर नाना प्रकारचे किडे स्वतः निवडून खाते. पेटीतल्या गेकोला आपण एकाच प्रकारचा किडा महिनोन्‌महिने देतो, आणि खिडकीजवळ ठेवले तरी काचेतून ड जीवनसत्त्व बनवणारे किरण आत येत नाहीत. पेटी तेवढी तापते. बाहेरचे किडे पकडून देण्यातही धोका आहे. मोहोराच्या दिवसांत आंब्या-काजूच्या बागांवर फवारण्या होतात, घरात झुरळांसाठी औषध मारलेले असते. आणि पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवे मुळीच देऊ नका. काही जातींच्या काजव्यांत असे विष असते, की एकच काजवा पाळीव सरड्याचा जीव घेऊ शकतो.

पावसाळ्यात घाट बंद पडला, की पुण्या-मुंबईहून येणारे किडे अडकतात, म्हणून डुबियाची लहानशी पैदास घरीच ठेवावी. भुकटीची पिशवी घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. गोळे झालेली किंवा कुबट वास येणारी भुकटी टाकून द्या. बरणीवर उघडल्याची तारीख लिहा, कारण जीवनसत्त्वे काळाबरोबर क्षीण होतात.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या रानातल्या पाली पकडून पाळू नयेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. विकत घेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करा आणि पावती जपून ठेवा.

हे सगळे करूनही वजन सलग उतरत असेल, एकूण वजनाचा दहावा भाग घटला असेल, विष्ठा पातळ होत असेल किंवा पिल्लू आठवडाभर अन्नाला शिवत नसेल, तर घरगुती प्रयोग थांबवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य जवळ नसेल, तर दूरच्या शहरातल्याशी आधी फोनवर बोलावे. जाताना वजनाची वही, पूरक पुडींच्या डब्या आणि ताज्या विष्ठेचा नमुना सोबत न्यावा. पोटातल्या परजीवींची तपासणी त्यावरच होते. प्रवास पहाटे करावा, आणि वाटेत डबा उन्हात राहणार नाही, हे पाहावे.